वंदे मातरम्‌च्या तबकड्या

राष्ट्रगीताच्या निवडीच्या सरकारी हकीकतींत आपल्या जुन्या मध्यप्रांताचें नांव एकदांच येतें, आणि तेंही अपवाद म्हणून. २५ ऑगस्ट १९४८ या दिवशीं पंडित जवाहरलाल नेहरूंनीं घटनासमितीपुढें एक निवेदन केलें. ‘जन गण मन’ची चाल तूर्त राष्ट्रगीत म्हणून कां वाजविली जात आहे, याचा खुलासा त्यांत होता. आपण सर्व प्रांतांच्या गव्हर्नरांना पत्रें लिहून, मुख्य प्रधानांचा विचार घेऊन मत कळविण्यास सांगितलें. सर्वांनीं संमति दिली. एकानें मात्र दिली नाहीं, असें सांगून त्यांनीं त्या एकाचा उल्लेख केला. तो मध्यप्रांताचा गव्हर्नर होता. मंगळदास पकवासा हे तेव्हां त्या पदावर होते, आणि पंडित रविशंकर शुक्ल मुख्य प्रधान होते. वर्धा जिल्हा त्यांच्याच प्रांतांतला. त्या उत्तराचें कारण निवेदनांत दिलेलें नाहीं. परंतु ज्या प्रांतांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून शाळकरी मुलांना शिक्षा झाल्या, त्या प्रांताला त्या गीताविषयीं ममत्व वाटलें असेल तर त्यांत नवल नाहीं.

श्रोतेहो, या निवेदनांतील दुसरी एक गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे. १९४७ सालीं न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरली असतां, हिंदुस्थानचें राष्ट्रगीत आमच्या वाद्यवृंदाला द्या, अशी मागणी आपल्या प्रतिनिधिमंडळाकडे करण्यांत आली. राष्ट्रगीत तर ठरलेलें नव्हतें! मंडळाजवळ ‘जन गण मन’ची एक ग्रामोफोनची तबकडी होती, ती त्यांनीं देऊन टाकली. वादकांनीं ती ऐकून चाल बसविली, मोठ्या मेळाव्यापुढें वाजविली, आणि ती इतकी आवडली कीं अनेक राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं तिचें स्वरलेखन मागितलें. त्या वादनाचें ध्वनिमुद्रण हिंदुस्थानांत आलें, आणि सैन्याचे बँड व परदेशी वकिलाती तीच चाल वाजवूं लागल्या. एवढ्या मोठ्या निर्णयाचा आरंभ सामानांत बरोबर असलेल्या एका तबकडीनें व्हावा, हें विलक्षण खरें. ‘वंदे मातरम्’ची तबकडी त्या सामानांत असती तर काय झालें असतें, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. कारण ‘वंदे मातरम्’च्या तबकड्या तेव्हां कांहीं दुर्मिळ नव्हत्या.

त्या तबकड्यांचा इतिहास जवळजवळ आपल्याकडील ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्गसाहेब १९०२ सालीं कलकत्त्यास उतरले आणि त्यांनीं आपल्या गायक-गायिकांचें पहिलें मुद्रण केलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत, वंगभंगाच्या चळवळीच्या काळांत, हेमेंद्रमोहन बोस या उद्योगी गृहस्थांनीं कलकत्त्यासच मेणाच्या नळकांड्यांवर रवींद्रनाथांचा आवाज उतरवून घेतला. त्यांत ‘वंदे मातरम्’ होतें. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्यें हें गीत त्यांनींच गाइलें होतें, तेव्हां हा योग उचितच म्हटला पाहिजे. नळकांडीं नाजूक, उष्म्यानें आणि बुरशीनें तीं नासतात. पुढें पॅथे कंपनीच्या साहाय्यानें बोस यांनीं तबकड्या काढल्या, म्हणून रवींद्रनाथांचा तो तरुण स्वर कांहीं अंशीं तरी उरला.

महाराष्ट्रांत हें गीत सभांतून पसरविलें तें पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनीं. १९२३ सालीं काकिनाडा येथील अधिवेशनांत अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनीं संगीतास हरकत घेतली असतांही पंडितजींनीं गाणें पुरें केलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तबकडीवर मात्र आपल्याकडे गाजले ते विष्णुपंत पागनीस. त्यांनीं १९२८ सालीं सारंग रागांत गाइलेली ‘वंदे मातरम्’ची तबकडी घरोघर वाजत असे. हेच पागनीस पुढें १९३६ सालीं प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटांत तुकोबा म्हणून साऱ्या महाराष्ट्रानें पाहिले.

येथें तबकडीच्या स्वभावाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. दहा इंची तबकडी मिनिटाला सुमारें ७८ फेरे घेई आणि तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. ती बनविण्यास लागणारी लाख छोटा नागपूरच्या आणि आपल्या मध्यप्रांताच्या रानांतून येई. कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यांत तिच्या तबकड्या होत, आणि आमच्याच झाडांवरचा तो जिन्नस गाणें घेऊन वर्ध्याच्या बाजारांत परत येई. तीन मिनिटांच्या या मर्यादेनें गाण्याचें रूप बदललें. सभेंत गवई आळवून आळवून गाई. तबकडींत आलापाला जागा नाहीं, कडव्यांची काटछाट अपरिहार्य. जें गीत सभेंत प्रत्येक गवयाबरोबर नवें होई, त्याला तबकडीनें एक ठरीव चाल आणि ठरीव लांबी दिली. मात्र एक चाल न देतां अनेक दिल्या, ही खरी अडचण! रवींद्रनाथांची एक, पागनीसांची दुसरी, पलुसकरांच्या परंपरेची काफीच्या अंगाची तिसरी. ‘वंदे मातरम्’ साऱ्या देशाच्या ओठांवर होतें, पण सारा देश तें एका सुरांत गात नव्हता.

१९३७ सालीं या गीताच्या शब्दांविषयीं वाद माजला, तेव्हां गांधीजी वर्ध्याजवळील शेगांवास राहत होते. त्याचें सेवाग्राम हें नांव १९४० सालचें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत काँग्रेस कार्यकारिणीनें कलकत्त्यास असें ठरविलें कीं, राष्ट्रीय सभांतून पहिलीं दोनच कडवीं गावीं. कारण पुढील कडव्यांतील देवीवर्णन मुसलमान बंधूंना आपलेंसें वाटत नाहीं. रवींद्रनाथांचाही सल्ला असाच होता. गांधीजींनीं १९३९ च्या जुलैमध्यें ‘हरिजन’मध्यें लिहिलें त्याचा आशय असा, कीं हें गीत आपल्याला लहानपणापासून मोहवीत आलें आहे; तथापि मिश्र सभेंत तें गाण्यावरून एकही भांडण ओढवून घेण्यास आपण तयार नाहीं. १९४२ च्या १४ जुलैस कार्यकारिणीनें इंग्रजांनीं चालतें व्हावें असा ठराव केला, तोही वर्ध्यासच. या गांवानें त्या गीताचें वैभव आणि त्यावरचा वाद, दोन्ही जवळून पाहिलीं.

शब्दांचा वाद असा चालला असतां सुरांची काळजी वाहणारा एक गवई पुण्यास होता. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांचा जन्म १८९८ सालीं आळंदीस झाला. ते भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळींतील नट-गवई, आणि पुढें प्रभातच्या ‘माणूस’ व ‘शेजारी’ या चित्रपटांचे संगीत-दिग्दर्शक. त्यांनीं ‘वंदे मातरम्’साठीं झिंझोटी राग घेतला. ही निवड विचारपूर्वक होती. झिंझोटी गोड आहे, तरी अवघड नाहीं. ज्याला गळा बेताचा त्यालाही तो झेपतो. गवयाच्या दृष्टीनें हा त्यागच होय, कारण आपली फिरत दाखविण्याची संधि त्यांनीं त्यांत हेतुपुरस्सर सोडली. ती चाल त्यांनीं तबकडीवरही उतरविली.

त्यांच्या हट्टाची एक गोष्ट त्यांच्या चाहत्यांत अजून सांगितली जाते. परकी अमलांत मुंबईच्या नभोवाणीवर त्यांचें गायन चाललें होतें. मध्येंच त्यांनीं ‘वंदे मातरम्’ सुरू केलें. अधिकाऱ्यांनीं प्रक्षेपण तोडलें. तेव्हांपासून त्यांनीं नभोवाणीवर बहिष्कार घातला, तो देश स्वतंत्र होईपर्यंत.

स्वातंत्र्यानंतर आक्षेप निघाला तो असा, कीं हें गीत वाद्यवृंदावर आणि बँडवर वाजविण्यास सोयीचें नाहीं. नेहरूंच्या निवेदनांतही याच मुद्द्यावर भर आहे : राष्ट्रगीत गाइलें जातें थोडें, वाजविलें जातें फार, म्हणून शब्दांपेक्षां चालीचें महत्त्व अधिक. हा मुद्दा क्षुल्लक नव्हता. आपल्या गायनांतील मींड आणि बारीक कण पितळी वाद्यांतून निघत नाहींत, आणि संथ चालीवर पलटणीचीं पावलें पडत नाहींत. मास्तरांनीं आक्षेप ऐकून घेतला आणि कामास लागले. पाश्चात्त्य बँडच्या जाणकारांच्या मदतीनें त्यांनीं आपल्या चालीचें स्वरलेखन सिद्ध केलें, ती बँडवर वाजवून घेतली, आणि दिल्लीस जाऊन घटनासमितीच्या सभासदांपुढें ती एकट्यानें, समूहानें आणि वाद्यांवर अशी तिन्ही प्रकारें ऐकविली. बंगालचें सरकारही ‘वंदे मातरम्’च्याच बाजूचें होतें.

परंतु तोंवर वेळ निघून गेली होती. एक चाल जगापुढें वाजून मान्य झालेली, तिचें स्वरलेखन वकिलातींत पोंचलेलें. दुसरी अजून आपली योग्यता सिद्ध करीत होती. माझ्या मतें मास्तरांनीं बँडचा आक्षेप पूर्णपणें खोडून काढला होता. तरीही निर्णय फिरला असता असें मला वाटत नाहीं. १९३७ चा वाद बँडच्या वादाखालीं दडलेला होता, आणि त्याचें उत्तर कोणत्याही रागांत नव्हतें. २४ जानेवारी १९५० रोजीं राजेंद्रबाबूंनीं ‘जन गण मन’ राष्ट्रगीत असल्याचें जाहीर केलें व ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान दिला. त्या दिवशीं सभागृहांत दोन्ही गीतें गाइलीं गेलीं.

झिंझोटीची ती तबकडी आतां संग्राहकांजवळ सांपडते. मास्तरांनीं त्यानंतर कडवटपणा धरला नाहीं. १९५६ सालीं डॉ. आंबेडकरांच्या सांगण्यावरून त्यांनीं बुद्धवंदनेला चाल बांधून दिली, आणि त्यासाठीं वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं ते पाली शिकले.