पंचवीस डॉलरची चिप, सातशेचा पगार

आपण शाळा सोडली ते १९७५ साल. त्याच सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्कॉन प्रदर्शनात एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीने ६५०२ हा मायक्रोप्रोसेसर आणला. किंमत २५ डॉलर. प्रदर्शनात प्रत्यक्ष विक्रीला मनाई होती, म्हणून चक पेडल आणि मंडळींनी हॉटेलातल्या खोलीत बरणीतून चिप्स विकल्या! (मला उगाच लोणच्याची बरणी दिसते.)

आदल्या वर्षी आलेल्या इंटेलच्या ८०८० ची सुरुवातीची किंमत ३६० डॉलर होती, मोटोरोलाच्या ६८०० चीही तेवढीच. डॉलर तेव्हा साधारण आठ रुपयांना. आपल्याकडे तिसऱ्या वेतन आयोगाची वर्ग एकची श्रेणी ७०० रुपयांपासून सुरू होई. म्हणजे सरकारी नोकरीत नव्याने लागलेल्या इंजिनिअरने चार महिन्यांचा मूळ पगार ओतला, तर एक ८०८० आली असती. ६५०२ नऊ दिवसांच्या पगारात.

ही स्वस्ताई आली कुठून? पेडल आधी मोटोरोलातच होते. ६८०० महाग पडते हे गिऱ्हाइकांकडून ऐकून त्यांनी स्वस्त चिपचा आग्रह धरला. वरून ‘थांबवा’ असा आदेश आला, तेव्हा ते काही सहकाऱ्यांसह बाहेर पडले. ६८०० मध्ये दोन ॲक्युम्युलेटर, यांनी एकच ठेवला. सोळा बिटांच्या एका इंडेक्स रजिस्टरऐवजी आठ बिटांची दोन. चिप लहान झाली, एका चकतीवर जास्त बसू लागल्या, आणि मास्कमधले दोष दुरुस्त करता येत असल्याने वाया कमी जाऊ लागल्या. काय गाळायचं हे कळणं, माझ्या मते, हीच त्यातली खरी इंजिनिअरिंग. मोटोरोलाने लगोलग ६८०० ची किंमत ६९ डॉलरवर आणली.

पण असं डोकं चालवणाऱ्याला मिळतं काय? मी हार्डवेअरमध्ये उभी हयात काढली, महिन्याचा पगार सोडून काही पाहिलं नाही. ४००४ या इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरवर (१९७१, ट्रान्झिस्टर २३००) फेदेरिको फाजिन यांनी आपली आद्याक्षरं कोरून ठेवली होती. १९७४ मध्ये त्यांनी इंटेल सोडली, झायलॉग काढली आणि १९७६ मध्ये झेड-८० आणली. ६५०२ च्या चमूतले बिल मेन्श यांनी १९७८ मध्ये स्वतःची कंपनी थाटली आणि त्या चिपची सुधारित रचना इतर उत्पादकांना परवान्यावर दिली. पगाराच्या जागी त्यांना परवान्याचे पैसे येऊ लागले.