बेळगावचा गेंडा आणि एग्मोरचे संग्रहालय

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मंडळाच्या वाटचालीचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे. आम्ही मात्र वाचकांचे लक्ष त्याहून पुष्कळ जुन्या अशा एका नात्याकडे वेधू इच्छितो. या प्रांताशी मराठी माणसाचा संबंध म्हटला की आपणांस तंजावरचे भोसले आठवतात. परंतु मद्रास आणि आपला दक्षिण मुलूख यांना जोडणारा एक धागा जमिनीत गाडलेल्या हाडांतूनही गेलेला आहे. तो हाती देणारे गृहस्थ म्हणजे रॉबर्ट ब्रूस फूट.

१८३४ साली इंग्लंडात जन्मलेले फूट १८५८ मध्ये भारतीय भूसर्वेक्षण खात्यात दाखल झाले आणि मद्रास इलाख्यात आले. ३० मे १८६३ रोजी पल्लावरम येथे त्यांना मानवाने घडविलेले दगडी हत्यार मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरात विल्यम किंग यांच्यासह त्यांनी अत्तिरम्पाक्कम हे स्थळ उजेडात आणले. भारतातील अश्मयुगाच्या अभ्यासाचा पाया येथे घातला गेला.

पुढे त्यांचे सर्वेक्षण बेळगावकडे वळले. गोकाकजवळील चिकदौली येथे जुन्या गाळाच्या थरांत गेंड्याचे जीवाश्म मिळाले आणि १८७४ साली फूट यांनी त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्या प्राण्यास त्यांनी ‘दख्खनचा’ या अर्थाचे शास्त्रीय नाव दिले. ज्या मुलखात आज गेंडा औषधालाही सापडत नाही, तेथे तो एके काळी चरत होता! दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरील त्यांचा ग्रंथ १८७६ साली निघाला. १८८४ च्या सुमारास कर्नूल जिल्ह्यातील बिल्ला सुर्गमच्या गुहा खोदून त्यांनी प्राचीन प्राण्यांची हाडे बाहेर काढली; त्या कामी त्यांचे पुत्रही सोबत होते.

१८९१ साली निवृत्त झाल्यावर फूट यांनी सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात भूशास्त्रीय पाहणी केली. आयुष्यभर जमविलेला त्यांचा प्रागैतिहासिक संग्रह १९०४ साली मद्रास सरकारने संग्रहालयासाठी विकत घेतला. फूट १९१२ साली निवर्तले. त्यांनी सिद्ध केलेली सूची १९१४ साली छापली गेली. तीत प्रत्येक वस्तूपुढे तिचे गाव व जिल्हा दिलेला आहे. आमच्या मते हेच त्यांचे मोठे ऋण होय. गावाचे नाव हरवले की दगड नुसता दगड उरतो. नाव राहिले तर तो त्या गावचा इतिहास होतो.

हा वारसा खंडित झालेला नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन केलेल्या डॉ. शांती पप्पू यांनी १९९९ पासून अत्तिरम्पाक्कमला नव्याने उत्खनन केले. तेथील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०११ साली जाहीर झाले. प्राण्यांचे अश्मीभूत दातही तेथे मिळाले.

तिरुवल्लिकेणीपासून एग्मोरचे संग्रहालय फार दूर नाही. आपली मुले मराठी बोलतात, तमिळ वाचतात आणि आपण नेमके कोठले, असा प्रश्न कधी तरी विचारतात. त्यांना एखाद्या रविवारी तेथे न्यावे, फूट यांच्या संग्रहातील गावांची नावे वाचून दाखवावीत आणि गोकाकच्या गेंड्याची हकीकत सांगावी. भूमीला भाषेच्या सीमा ठाऊक नसतात, हे त्यांना उपदेशावाचून कळेल.