भादव्यातली बाडी

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याचा इतिहास लिहिणारे भात, तलाव आणि मँगनीज यांवर येऊन थांबतात. भरवेलीची खाण मोठीच आहे, चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण भादव्यात आमची घरं जिच्यावर निभावली, त्या घरामागच्या बाडीला कुणी प्रकरण दिलं नाही.

भादवा इकडे अडचणीचा महिना. धान शेतात अजून हिरवं, कापणी दिवाळीच्या आसपास, आणि कोठीतलं जुनं धान तळाला गेलेलं. नेमकी त्याच वेळी मृगात टोचलेली बाडी भरभरून देऊ लागते. मांडवावर दोडके, बांबूच्या कुडावर बरबटीच्या शेंगा, छपरावर भोपळे, कोपऱ्यात मक्याची कणसं, न्हाणीच्या पाण्यावर माजलेला धोपा. पुण्याकडे त्यालाच अळू म्हणतात. माझी आजी दोडके मोजत नसे, किती घरी द्यायचे ते मोजायची.

हा जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे तुकडे जोडून झाला. पहिले डेप्युटी कमिशनर ब्लूमफील्ड यांनी खालच्या मुलखातले पवार शेतकरी बैहरच्या पठारावर वसवले. ते कागदोपत्री आहे. दोडक्याचं बी वर कुणी नेलं, ते नाही. माझ्या मते बायकांनीच नेलं असणार, राखेत घोळून, चिंधीत बांधून.

बाडीचा खरा मान ऋषिपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर लागला की धान्य बाद. बाडी कुदळीची, म्हणून चालते. सगळ्या भाज्या एकाच भांड्यात शिजतात. पंधरवडाभर आधी शेजारच्या छत्तीसगडी घरांत कमरछठचं व्रत होतं, तिथेही न नांगरता उगवलेला पसहर तांदूळच लागतो. गंमत म्हणजे काकडी-दोडका ऋषींनी पाहिला असेल, पण मका, लाल भोपळा आणि मिरची मूळच्या अमेरिकेतल्या. पोर्तुगीज आल्यानंतरच त्या आपल्याकडे पोचल्या. आजीला हे सांगितलं, तर म्हणाली, "बैल लागला का त्याले? नाही ना? मग चालते."

१ नोव्हेंबर १९५६ ला बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिलं आणि भंडारा मुंबई राज्यात गेलं. आजीचं माहेर गोंदियाकडे, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे एका रात्रीत परप्रांतात. बियाणं मात्र छोट्या लाइनच्या गाडीतून पदराच्या गाठीत येत-जात राहिलं.

आता बाड्यांवर स्लॅब पडलेत. उरलेल्या बाड्यांत पाकिटातलं संकरित बी असतं. त्याच्या फळातलं बी पुढच्या मृगात टाकलं, तर तसाच दोडका येईल याचा भरवसा नाही. तुमच्याकडे जुन्या वाणाचा वेल असेल, तर यंदा सगळे दोडके तोडू नका. एक वेलावरच वाळू द्या, आणि त्याचं बी शेजारणीलाही द्या.