निर्णयसाहाय्य प्रणाली : एका विद्येची कुळकथा

माहितीचा साठा आणि गणिती प्रतिमाने यांच्या आधारे माणसाला निर्णय घेण्यास मदत करणाऱ्या संगणकीय रचनेला निर्णयसाहाय्य प्रणाली म्हणतात. अशी प्रणाली वेबवर उभी करण्याचे शिक्षण आज बहुधा डेटाबेसचे तक्ते आखण्यापासून सुरू होते. परंतु या विद्येचा उगम शोधू गेल्यास तो व्यवस्थापनशास्त्राला पडलेल्या एका प्रश्नात सापडतो. कोणता निर्णय यंत्रावर सोपवता येतो आणि कोणता येत नाही, हा तो प्रश्न होय. अमेरिकेतील कार्नेगी तंत्रसंस्थेतील प्राध्यापक हर्बर्ट सायमन यांनी १९६० साली त्याची पद्धतशीर मांडणी केली. गोदामातला साठा ठरावीक पातळीखाली गेला की नवी मागणी नोंदवायची, असे निर्णय नियमांत बांधता येतात. नवा कारखाना कोठे काढावा, यासारखे निर्णय मात्र दरवेळी नव्याने तोलावे लागतात. निर्णयप्रक्रियेचे त्यांनी तीन टप्पे सांगितले : प्रश्न हेरणे, पर्याय रचणे आणि त्यांतून निवड करणे.

नियमात बसणारे आणि न बसणारे निर्णय यांच्यामध्ये एक मोठा पट्टा उरतो, जेथे आकडेमोड यंत्राने करावी पण तिचा अर्थ माणसानेच लावावा, आणि निर्णयसाहाय्य प्रणाली जन्मली ती या पट्ट्यात. हार्वर्डमध्ये डॉक्टरेटसाठी संशोधन करणाऱ्या मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी १९६६च्या सुमारास या दिशेने एक महत्त्वाचा प्रयोग केला. धुलाईयंत्रांच्या उत्पादनाचे नियोजन विक्रीविभाग आणि उत्पादनविभाग यांच्या व्यवस्थापकांना एकमेकांशी जुळवून घेत करावे लागे, आणि त्यासाठी त्यांच्यापुढे २१ इंची पडदा ठेवण्यात आला, ज्यावर प्रकाशलेखणीने, म्हणजे पडद्यावर टेकवताच त्या जागेची खूण यंत्राला देणाऱ्या लेखणीने, काम करता येत असे. हा पडदा सेकंदाला २४०० बिट वाहून नेणाऱ्या मोडेमने दोन युनिव्हॅक ४९४ संगणकांशी जोडलेला होता. आजच्या मानाने हा वेग अगदीच तोकडा असला, तरी जे व्यवस्थापक एरवी छापील अहवाल वाचून अंदाज बांधत, त्यांना आता एक आकडा बदलून त्याचे परिणाम समोरच पाहता येऊ लागले, आणि या विद्येच्या दृष्टीने खरी नवी गोष्ट तीच होती. १९७१ साली हे संशोधन पुस्तकरूपाने आले. त्याच वर्षी स्कॉट मॉर्टन आणि अँथनी गॉरी यांनी एका लेखात सायमन यांच्या वर्गीकरणाला अर्धसंरचित निर्णयांचा मधला वर्ग जोडला आणि निर्णयसाहाय्य प्रणाली हे नाव रूढ करण्याचा पाया घातला.

व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक जॉन लिटल यांनी १९७० साली दिलेला इशारा या विद्येच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आरंभीच वाचावा इतक्या मोलाचा आहे. गणिती प्रतिमाने कितीही सुबक असली तरी व्यवस्थापक ती वापरतच नाहीत, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदवले आणि त्यावर उपायही सुचवला. प्रतिमान साधे असावे, त्यातून विपरीत उत्तरे सहजी निघू नयेत, त्याची सूत्रे वापरणाऱ्याच्या हाती राहावीत, नवी माहिती आली की ते बदलता यावे, महत्त्वाच्या बाबी त्यातून सुटू नयेत आणि त्याच्याशी संवाद सोपा असावा, अशा त्यांच्या अपेक्षा होत्या. यांतली एकही अपेक्षा आज जुनी झालेली नाही.

डेटाबेसची शाखा या कुळाला बाहेरून येऊन मिळाली. १९७० पूर्वी साठवलेली नोंद शोधायची तर ती कोणत्या वाटेने पोहोचते हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे, आणि त्यामुळे नवा प्रश्न विचारायचा म्हणजे पुष्कळदा नवा प्रोग्राम लिहायचा. आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी त्या वर्षी संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले, ज्यात सर्व माहिती ओळी आणि स्तंभ असलेल्या तक्त्यांत ठेवली जाते आणि दोन तक्ते त्यांच्यातील सामाईक मूल्यांवरून जुळवले जातात. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली या प्रतिमानासाठी जी प्रश्नभाषा रचली, तिच्यातून आजची एसक्यूएल घडली. काय हवे तेवढे सांगावे आणि ते कसे शोधायचे हे यंत्रावर सोडावे, या सोयीमुळे आयत्या वेळी सुचलेला प्रश्न विचारणे शक्य झाले. आणि निर्णय घेणाऱ्याचे प्रश्न बहुधा आयत्या वेळीच सुचतात.

त्याच सॅन होझे शहरात, आयबीएमच्या संशोधकांनी बांधलेल्या नकाशाधिष्ठित प्रणालीवर पोलीस अधिकाऱ्यांनी आपल्या गस्तीच्या हद्दी स्वतः आखून पाहिल्या. मदतीसाठी येणाऱ्या हाका कोणत्या भागातून किती येतात हे नकाशावर पाहायचे, हद्द सरकवायची आणि कामाची वाटणी कशी बदलते ते पुन्हा तपासायचे, असे हे काम होते. या प्रयोगांशी निगडित असलेले एरिक कार्लसन यांनी राल्फ स्प्रेग यांच्यासह १९८२ साली लिहिलेल्या ग्रंथाने निर्णयसाहाय्य प्रणालीची बांधणी शिकवण्याजोगी केली. प्रणालीचे डेटाबेस, प्रतिमाने आणि संवाद असे तीन भाग त्यांनी मानले. वापरणाऱ्याच्या गरजा आधी पूर्ण लिहून घेऊन मग बांधणीला हात घालणे येथे चालत नाही, लहानसा भाग बांधून वापरायला द्यावा आणि वापरातून जे कळेल त्याप्रमाणे तो वाढवावा, असे त्यांचे सांगणे होते. कारण आपल्याला काय हवे आहे हे वापरणाऱ्यालाही वापरल्यावाचून पुरते कळत नाही.

वेबचा वाटा यानंतरचा. १९९३ साली सर्न या संशोधनसंस्थेने वेबचे तंत्र सर्वांना मुक्त केले, आणि १९९५ साली आलेल्या पीएचपी आणि मायएसक्यूएल यांसारख्या साधनांमुळे डेटाबेसमधील उत्तर पानाच्या रूपात ब्राउझरपुढे ठेवणे लहान संस्थांच्याही आवाक्यात आले. प्रत्येक टेबलावरील संगणकात वेगळा प्रोग्राम बसवण्याची गरज त्यामुळे संपली. पण बदल केवळ सोयीचा नव्हता. माहिती भरणारा, तिचा अर्थ लावणारा आणि निर्णय घेणारा ही तीन माणसे तीन ठिकाणी असली तरी एकाच साठ्यावर काम करू लागली.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण शेतीत दिसते. २००८च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला, आणि त्यानंतर राज्याच्या कृषी विभागाने राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र आणि राज्यातील कृषी विद्यापीठे यांच्या साहाय्याने क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प उभा केला. गावोगावच्या शेतांतील निरीक्षणे ऑनलाइन डेटाबेसमध्ये जातात, तज्ज्ञ त्यांवरून सल्ला ठरवतात आणि तो मोबाइल संदेशाने शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. या साखळीचा कणा म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी, अर्थात फवारणीचा खर्च करणे परवडू लागते ती किडीची संख्या. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी एका कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, सलग ३ रात्री प्रत्येकी ८ किंवा अधिक पतंग सापडणे ही अशी पातळी मानली जाते.

अशी प्रणाली बांधायला शिकणाऱ्याने हेच एक वाक्य तक्त्यांत उतरवून पाहावे. पहिला तक्ता सापळ्यांचा, ज्यात सापळा कोणत्या गावी, कोणत्या पिकात लावला ते येते, दुसरा निरीक्षणांचा, ज्यात सापळा, तारीख आणि पतंगांची संख्या असते, तिसरा पातळ्यांचा. यांतला तिसरा तक्ता नवशिके बहुधा वगळतात आणि ८ हा आकडा थेट प्रोग्राममध्ये लिहून टाकतात, ज्यामुळे सूत्रे वापरणाऱ्याच्या हाती असावीत ही लिटल यांची अपेक्षा पहिल्याच पायरीवर मोडते. ‘सलग ३ रात्री’ ही अटही दिसते तितकी सोपी नाही, कारण मधल्या रात्रीची नोंदच नसेल तर ती शून्य समजायची की अज्ञात, हे कीटकशास्त्रज्ञाला विचारूनच ठरवावे लागते. शून्य म्हणजे सापळा तपासला आणि पतंग नव्हता, तर अज्ञात म्हणजे तेथे कोणी गेलेच नाही. सल्ला तज्ज्ञाने मंजूर केल्यावर त्या दिवशी ग्राह्य धरलेली पातळी आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव सल्ल्याच्या नोंदीतच जपावे लागते, म्हणजे पुढे पातळी बदलली तरी तो सल्ला त्या दिवशी कशाच्या आधारे आणि कोणाच्या निर्णयाने दिला गेला, हे त्याच नोंदीवरून तपासता येते.