तीस टक्के कशाचे?

ठाण्यात नौपाड्याला माझं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. क्लायंटमध्ये किराणावाले आहेत, दोन डॉक्टर आहेत आणि अलीकडे ॲप बनवणारी मंडळीही आहेत: कुणाचं मराठी शब्दकोड्यांचं ॲप, कुणाचं लहान मुलांच्या गोष्टींचं. कोड मला ओ की ठो कळत नाही. पण महिनाअखेरीला ॲप स्टोअरकडून येणारं स्टेटमेंट कळतं. त्यातली कपातीची ओळ पाहून नवा क्लायंट हमखास विचारतो, "मॅडम, हे कशाचे कापले?" नेमक्या याच प्रश्नासाठी गेल्या काही वर्षांत दिल्ली, सोल, ब्रसेल्स आणि कॅलिफोर्नियात हजारो पानं खर्ची पडली आहेत. ती सगळी मी वाचलेली नाहीत. जेवढी वाचली, ती हिशेबनिसाच्या नजरेनं.

हा प्रश्न मला पहिल्यांदा भेटला तो अंधेरीत, रिंगटोनच्या काळात. २००५ च्या सुमाराला अंधेरी-साकीनाका पट्ट्यात 'व्हॅस' कंपन्यांचं पीक आलं होतं. मोबाइलवर बोलण्याखेरीज जे जे विकलं जाई ते सगळं व्हॅस: रिंगटोन, कॉलर ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटचा स्कोअर, जावामधले छोटे गेम. अशाच एका कंपनीत मी अकाउंट्सला होते. कॉलर ट्यूनचे महिन्याला ३० रुपये, गाण्याचे वेगळे. ग्राहकाच्या बॅलन्समधून कापलेल्या या पैशातले साठ-सत्तर टक्के मोबाइल ऑपरेटर ठेवून घ्यायचा. उरलेल्यात म्युझिक कंपनी, मग आमच्यासारखा मधला, आणि गेम असेल तर अगदी तळाला तो लिहिणारा पुण्याचा पोरगा. पन्नास रुपयांच्या गेममागे त्याच्या हातात किती पडायचे, हे त्याला सांगताना मलाच संकोच वाटायचा.

टक्क्यांहून वाईट भाग पुढेच होता. आमच्या सर्व्हरवर डाउनलोडचा एक आकडा असे, ऑपरेटरच्या रिपोर्टमध्ये दुसरा. दोन्हींचा मेळ घालणं हे माझं काम, आणि मेळ कधीच बसायचा नाही. वाद झाला तर ऑपरेटरचाच आकडा ग्राह्य, असं करारातच लिहिलेलं असे. पैसे यायचे तीन-तीन महिन्यांनी. सरकारी नजर तेव्हाही होती, पण ती ग्राहकाच्या बाजूनं. न मागता सेवा चालू झाल्याच्या तक्रारींचा ढीग साचला, तेव्हा ग्राहकाची संमती घेतल्याशिवाय पैसे कापू नका, असं दूरसंचार नियामक 'ट्राय'नं ऑपरेटरांना बजावलं. वाटणीचे टक्के मात्र दोन व्यापाऱ्यांमधली खासगी बाब मानली गेली.

हे सांगायचं कारण असं, की आज ज्या ३० टक्क्यांच्या नावानं बोटं मोडली जातात, तो आकडा आला तेव्हा आम्हाला तो सोडवणूक वाटला होता. मार्च २००८ मध्ये अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सनं जाहीर केलं की ॲप विकून आलेल्या पैशातले ७० टक्के बनवणाऱ्याचे. आम्ही फक्त स्टोअर चालवण्याचा खर्च भागवू, त्यातून कमाईचा इरादा नाही, असंही तो म्हणाला. जुलैमध्ये ५०० ॲप्सनिशी दुकान उघडलं. ऑगस्टमध्ये आयफोन भारतात आला तो तीस हजारांच्या वर किंमत घेऊन, म्हणजे आमच्या ग्राहकाच्या आवाक्याबाहेरच. पण आकडा पोचला. शिवाय रिपोर्ट एकच, पैसे महिन्याच्या महिन्याला! आमच्या ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी होते. त्याच वर्षी गुगलनं अँड्रॉइडचा बाजार मांडला. तिथेही ७०-३०, पण ते ३० आम्ही घेत नाही, मोबाइल कंपन्यांना आणि पैसे वसूल करण्याच्या खर्चाला जातात, असा खुलासा होता. हा खुलासा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हे ३० आले कुठून? आधीच्या आयट्यून्सवर ९९ सेंटच्या गाण्यातले साधारण ७० सेंट म्युझिक कंपनीला जायचे, हे सगळ्यात जवळचं मूळ. त्याआधी जपान. निन्टेन्डोनं १९८३ मध्ये टीव्हीला जोडायचा गेमचा डबा काढला. बाहेरच्या कंपन्यांना त्यावर गेम विकायचे तर परवान्याचे पैसे द्यायचे आणि पुढे काडतुसंही निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची. अमेरिकेत १९८५ मध्ये नेलेल्या डब्यात तर कुलपाची चिपच होती, परवाना नसलेलं काडतूस चालायचंच नाही. अटारी गेम्स कंपनीनं ते कुलूप फोडलं आणि मक्तेदारीचा दावाही ठोकला. पण कुलपाचा कोड चोरल्याबद्दल कोर्टात तोंडावर तीच आपटली. १९९१ मध्ये अमेरिकी सरकारनं निन्टेन्डोला किमतींच्या प्रकरणात पकडलं, आणि निष्पन्न काय, तर ग्राहकांना पाच डॉलरची कुपनं. परवान्याच्या रकमेला धक्का लागला नाही. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी: निन्टेन्डोच्या पैशात निदान प्लास्टिक होतं, चिप होती, कारखाना होता.

मला मात्र जास्त आवडतो तो दुसरा जपानी आकडा: ९. फेब्रुवारी १९९९ मध्ये डोकोमो या मोबाइल कंपनीनं आयमोड नावाची सेवा काढली. छोट्या कंपन्या त्यावर बातम्या, गेम, चित्रं विकत आणि डोकोमो ग्राहकाच्या फोनबिलातून पैसे वसूल करून देई. त्याबद्दल ९ टक्के. बाकी ९१ बनवणाऱ्याचे. डोकोमो काही धर्मादाय संस्था नव्हती. लोक जितकं जास्त पाहतील तितका डेटा वापरतील आणि त्याचं बिल आपलंच, हे तिचं गणित. म्हणजे अंधेरीत आमचे साठ-सत्तर जात होते, त्याच्या कितीतरी आधी टोकियोत ९ मध्ये काम भागत होतं. 'खर्चच एवढा येतो' असं कुणी म्हणालं की मला हा ९ आठवतो.

खटका उडाला २०११ मध्ये. तोवर कपात मुख्यतः ॲपच्या विक्रीवर आणि गेममधल्या किरकोळ खरेदीवर होती. त्या फेब्रुवारीत अ‍ॅपलनं नियम काढला की मासिकं, पुस्तकं, गाणी यांची वर्गणी ॲपमध्ये विकायची तर ती आमच्याच गल्ल्यावर, त्यातही ३० टक्के. बाहेर स्वस्त मिळते असं ॲपमध्ये लिहायचं नाही, दुवाही द्यायचा नाही. किंडलनं आपल्या ॲपमधलं दुकानाचं बटणच काढून टाकलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी अ‍ॅपलचा फिल शिलर आपल्या सहकाऱ्याला ईमेलमध्ये विचारत होता, की हे ७०-३० कायमचं टिकेल का? वर्षाला शंभर कोटी डॉलर नफा होऊ लागला की २५ किंवा २० वर यावं का? दहा वर्षांनी एपिक या गेम कंपनीनं अ‍ॅपलवर भरलेल्या खटल्यात ही ईमेल कोर्टापुढे आली. ती लिहिली गेली तेव्हाच कुणी मनावर घेतली असती तर बरीच वकिलांची फी वाचली असती.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. दादा मुंबईच्या बाजारात टोमॅटो पाठवायचे आणि दलालाकडून पट्टी यायची. पट्टीवर आडत, हमाली, तोलाई, वाराई अशी प्रत्येक कपात वेगळ्या ओळीवर. कपात जास्त वाटली तर कुठल्या ओळीवर भांडायचं हे दादांना माहीत असे. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायला लावली. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, पण वाद निदान एका ओळीपुरता होता. ॲप स्टोअरच्या पट्टीवर एकच ओळ. तपासणी करणारी सरकारं तिथेच अडखळली.

दक्षिण कोरियाचं बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या संसदेनं जगात पहिल्यांदा कायदा केला: ॲपमध्ये पैसे घ्यायला आपलीच यंत्रणा वापरा, अशी सक्ती स्टोअरनं करायची नाही. गुगल म्हणालं, बरं, दुसरी वापरा. मग आम्ही ४ टक्के कमी घेऊ. म्हणजे २६. नेदरलँड्समध्ये स्पर्धा प्राधिकरणानं डेटिंग ॲप्सपुरता असाच आदेश दिला. अ‍ॅपल बधेना तेव्हा आठवड्याला ५० लाख युरो दंड लावत तो ५ कोटींपर्यंत नेला. अ‍ॅपलनं दुसरी यंत्रणा मान्य केली आणि कपात ठेवली २७. अमेरिकेत एपिकच्या निकालानं बाहेरचा दुवा देण्याची मुभा मिळाली, तर तिथेही दुव्यावरून झालेल्या खरेदीवर २७. दुसऱ्या यंत्रणेचे तीन-चार टक्के स्वतंत्र भरायचे, म्हणजे बेरीज जिथल्या तिथे! न्यायाधीश यव्होन गोन्झालेझ रॉजर्स यांनी एप्रिल २०२५ मध्ये हा कोर्टाचा अवमान ठरवला. शिलर यांनी आदेश नीट पाळा म्हणून सांगितलं होतं, पण अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांनी ते ऐकलं नाही, हेही निकालात नोंदवलं आहे.

या तीन-चार टक्क्यांनी एक काम मात्र केलं. पैसे वसूल करण्याची किंमत किती, हे दुकानदारानंच कागदावर लिहून दिलं. मग उरलेले २६ कशाचे?

आपल्याकडे हा वाद पेटला सप्टेंबर २०२० मध्ये. १८ तारखेला पेटीएमचं ॲप गुगलच्या स्टोअरवरून काही तास गायब झालं, आणि दहाच दिवसांनी गुगलनं बजावलं की डिजिटल माल विकणाऱ्या प्रत्येकानं आमचीच बिलिंग यंत्रणा वापरावी. स्टार्टअपवाले खवळले. गुगलनं मुदत वाढवली, नोव्हेंबरात स्पर्धा आयोगानं चौकशी लावली. इथे आपल्या देशाची एक खास गोष्ट आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्कच नाही; कार्डाचं पेमेंट गेटवे साधारण २ टक्क्यांत काम करतं. ज्या देशात वडापाववाला फुकटात पैसे घेतो, तिथे ३० हा आकडा जास्तच टोचणार.

'डिजिटल माल' ही रेघही मोठी मजेची. ॲपवरून टॅक्सी बोलवा, जेवण मागवा, लग्नाचा हॉल बुक करा, स्टोअरला छदाम मिळत नाही. पण लग्नासाठी स्थळं पाहायची वर्गणी भरा, की कपात लागू. शादी डॉट कॉम आणि भारत मॅट्रिमनी भांडणात पुढे का, ते यावरून कळावं. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगानं गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. सक्ती चुकीची ठरवली आणि हेही नोंदवलं की गुगलचं स्वतःचं यूट्यूब हे शुल्क भरत नाही. दर मात्र आयोगानं ठरवून दिला नाही. मग गुगलनं काय करावं? कोरियाचाच फॉर्म्युला: दुसरी यंत्रणा घ्या, ४ टक्के कमी. १५ चे ११, ३० चे २६.

काही कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या आणि हरल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम दिलासा नाकारला, आणि १ मार्चला गुगलनं दहा कंपन्यांची ॲप्स काढायला घेतली. शादी, नोकरी, भारत मॅट्रिमनी, मुंबईचं कुकू एफएम, सगळी त्यात. मंत्री अश्विनी वैष्णव यांनी हे चालणार नाही असं जाहीर केलं, बैठका झाल्या, चार दिवसांत ॲप्स परतली. मला यात समाधान वाटलं नाही. मंत्र्याच्या एका वाक्यानं ॲप परत येतं, याचा अर्थ मंत्र्यापर्यंत पोच नसलेल्याचं येत नाही. माझा शब्दकोडीवाला वैष्णवांना कुठे भेटणार!

गुगलची बाजूही लिहायला हवी. भारतातल्या दोन लाखांहून जास्त डेव्हलपरांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनाच शुल्क लागतं, असं ते सांगतात. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर दर १५ आहे, अ‍ॅपलनंही २०२१ पासून लहानांना तोच दिला. आणि माझ्या क्लायंटचा अनुभव असा की न्यू जर्सीतल्या आणि दुबईतल्या मराठी माणसाकडून चिल्लर वसूल करणं, परतावे देणं, तिथले कर भरणं त्याला एकट्याला जमलं नसतं. या कामाचे पैसे घ्यावेत. किती, एवढाच प्रश्न.

२८ मार्च २०२५ रोजी अपील न्यायाधिकरणानं दंड ९३६.४४ वरून २१६.६९ कोटींवर आणला. तो संबंधित उलाढालीवरच मोजावा म्हणून. आता प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. पण तो वाद दंडाचा आणि सक्तीचा. दर अवाजवी आहे का, ही चौकशी वेगळी: आयोगानं ती १५ मार्च २०२४ रोजी आपल्या तपास शाखेकडे सोपवली आणि साठ दिवसांत अहवाल द्या असं आदेशात लिहिलं. शब्दकोडीवाल्याच्या स्टेटमेंटमध्ये त्यानंतरच्या प्रत्येक महिन्यात १५ टक्क्यांची तीच एक ओळ आहे, आणि मी ती 'कमिशन' खात्याला टाकते.