शहाळे घेताना काय पाहावे?

उन्हाचा तडाखा वाढू लागला की वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांबाहेर हिरव्यागार शहाळ्यांचे ढीग दिसू लागतात. रुग्णाच्या भेटीला जाताना हमखास घेतले जाणारे हे फळ मॉलच्या शीतकपाटातही मिळते. तेथे ते बहुधा सोललेले, पांढरेशुभ्र आणि प्लास्टिकच्या पातळ वेष्टनात गुंडाळलेले असते. रस्त्यावरच्या ढिगापेक्षा हे वेष्टनातले शहाळे अधिक सुरक्षित, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात शहाळ्याची खरी सुरक्षितता त्याच्या नैसर्गिक कवचात असते. ते कवच किती शाबूत आहे आणि फळ उतरवून किती काळ लोटला आहे, या दोन गोष्टींवर ताजेपणा अवलंबून असतो.

शहाळे म्हणजे नेमके काय?

फुलोऱ्यानंतर नारळ पूर्ण पक्व व्हायला सुमारे १२ महिने लागतात. शहाळे मात्र सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास उतरवतात. या वेळी पाणी भरपूर व गोड असते आणि करवंटीच्या आतल्या बाजूला जेलीसारखी कोवळी मलई धरू लागलेली असते. पुढे मलई जाड होत जाते, पाण्याची गोडी कमी होते आणि फळ 'आडसर' बनते, म्हणजे ना धड शहाळे, ना धड नारळ. पाण्याचे हवे की मलईचे, हे विक्रेत्याला आधीच सांगितले तर तो त्या वयाचे फळ काढून देतो.

वसईच्या किनारपट्टीतील निर्मळ, वाघोली, भुईगाव, अर्नाळा या परिसरातील वाड्यांमध्ये केळी, भाजीपाला व फुलांच्या जोडीने नारळ पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर रूढ असलेली उंच जात 'बाणवली' या नावाने ओळखली जाते. तथापि, मुंबई परिसरात विकली जाणारी बरीचशी शहाळी ट्रकने दक्षिणेतून येतात. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातले मद्दूर हे शहाळ्यांच्या घाऊक व्यापाराचे मोठे केंद्र आहे. वाडीतले फळ सकाळी उतरवून दुपारी हाती पडू शकते, तर लांबचा माल वाटेतच काही दिवस घालवतो. त्यामुळे 'माल कुठला आणि कधी आला', हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असावा.

बाहेरून पारख

देठ : देठाजवळच्या टोपीसारख्या पाकळ्या हिरवट आणि घट्ट चिकटलेल्या असाव्यात. त्या तपकिरी, सुकलेल्या किंवा सुटलेल्या असतील तर फळ जुने समजावे. बुरशीचा शिरकाव बहुधा येथूनच होतो. नारळ विकास मंडळाच्या माहितीनुसार, घडापासून सुटे केलेल्या शहाळ्याचा नैसर्गिक ताजेपणा २४ ते ३६ तासांत ओसरू लागतो. त्यामुळे घडासकट टांगलेल्या शहाळ्यांना प्राधान्य देणे उत्तम.

वजन आणि आवाज : सारख्या आकाराच्या दोन शहाळ्यांपैकी जड लागेल ते घ्यावे. कोवळे शहाळे पाण्याने काठोकाठ भरलेले असल्याने हलवले तरी फारसा आवाज करीत नाही. पाणी खळखळत असेल तर फळ जून झालेले आहे किंवा आतले पाणी कमी झाले आहे, असे समजावे. पक्व नारळ घेताना खळखळाट ही चांगली खूण मानली जाते. शहाळ्याच्या बाबतीत मात्र नेमके उलट असते.

साल : साल तजेलदार असावी. जांभळट-काळे मऊ डाग, ओलसर चिकटपणा, पांढरी वा हिरवी बुरशी किंवा आंबूस वास आढळल्यास ते फळ नाकारावे. मात्र देठाखाली पसरलेले कोरडे, खडबडीत तपकिरी चट्टे वेगळे असतात. ती इरिओफाइड कोळी या सूक्ष्म किडीची खूण आहे. भारतात ही कीड १९९८ मध्ये केरळात प्रथम नोंदली गेली. तिच्यामुळे फळ लहान राहते, पण साल शाबूत असेल तर केवळ या चट्ट्यांमुळे पाणी खराब होत नाही. रंगावरूनही घाई करू नये, कारण काही ठेंगण्या जातींची शहाळी निसर्गतःच पिवळी वा नारिंगी असतात.

तडा : उंच माडावरून थेट जमिनीवर टाकलेल्या शहाळ्याच्या कोवळ्या करवंटीला बारीक तडे जातात. म्हणून जाणकार बागायतदार दोराने घड खाली सोडतात. सालीवर कुठे ओल झिरपत असेल तर ते फळ घेऊ नये.

सोललेल्या शहाळ्याचा धोका

सोडण उतरवले की फळाचे जाड संरक्षण जाते. अशी शहाळी टिकवण्यासाठी केरळ कृषी विद्यापीठाने एक पद्धत विकसित केली आहे. तीत सोललेले फळ ०.५ टक्के सायट्रिक आम्ल आणि ०.५ टक्के पोटॅशियम मेटाबायसल्फाइट यांच्या द्रावणात तीन मिनिटे बुडवतात. त्यानंतर ते ५ ते ७ अंश सेल्सिअस तापमानात २४ दिवसांपर्यंत टिकते. म्हणजेच पांढराशुभ्र रंग हा ताजेपणाचा पुरावा नसून प्रक्रियेचाही परिणाम असू शकतो. शिवाय ही मुदत सतत थंडावा मिळाला तरच खरी ठरते.

हा थंडावा न मिळाल्यास काय होऊ शकते, हे डेन्मार्कमधील एका घटनेने दाखवून दिले. २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, ६९ वर्षांच्या एका गृहस्थाने सोललेले शहाळे शीतकपाटाऐवजी महिनाभर स्वयंपाकघरातील टेबलावर ठेवले होते. नळीने थोडेसे पाणी पिताच चव बिघडल्याचे जाणवून ते थांबले. तरीही काही तासांत त्यांना घाम, उलट्या आणि गोंधळलेली अवस्था असा त्रास सुरू झाला आणि सुमारे २६ तासांनी त्यांचा मृत्यू झाला. फळात आर्थ्रिनियम जातीची बुरशी आणि तिने तयार केलेले ३-नायट्रोप्रोपिओनिक आम्ल हे विष आढळले. याच विषामुळे चीनमध्ये बुरशी लागलेला ऊस खाऊन अनेकांचे बळी गेले होते. या विषावर खास उतारा नाही. अशी घटना अत्यंत दुर्मीळ असली, तरी तिचा धडा साधा आहे. सोललेले शहाळे शीतकपाटातूनच घ्यावे, वेष्टनावरील तारीख व परवाना क्रमांक पाहावा, घरी आणताच ते थंड जागी ठेवावे आणि मुदतीपूर्वी संपवावे. दम्याच्या रुग्णांनी वेष्टनावर 'सल्फाइट'चा उल्लेख आहे का, हेही तपासावे, कारण काहींना त्याचा त्रास होतो.

उघडल्यानंतर

न फुटलेल्या निरोगी शहाळ्यातील पाणी जवळजवळ निर्जंतुक असते. जंतू शिरतात ते कोयत्यातून, हातांतून, नळीतून आणि भांड्यातून. त्यामुळे शहाळे डोळ्यांदेखत फोडून घ्यावे आणि आधीच काढून ठेवलेले पाणी टाळावे. ताजे पाणी स्वच्छ व किंचित गोड असते. हवेशी संपर्क आल्यावर त्याला येणारी गुलाबी छटा फळातील विकरांमुळे येते. ती विषारी नसली तरी पाणी ताजे नसल्याचे सुचवते. फेस, बुडबुडे, तार येणे, आंबट वास किंवा करडी मलई दिसल्यास घोटही घेऊ नये. चव विचित्र लागल्यास लगेच थुंकून टाकावे आणि त्रास जाणवल्यास उरलेले फळ सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. काढलेले पाणी झाकून शीतकपाटात ठेवावे व २४ तासांत संपवावे.

कोणी जपून प्यावे?

शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात २०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, तसेच रक्तदाबाच्या काही औषधांवर असलेल्यांना ते अपायकारक ठरू शकते. त्यामुळे रुग्णासाठी शहाळे नेण्यापूर्वी त्याच्या डॉक्टरांना विचारणे श्रेयस्कर. या पाण्यात सोडियम कमी असल्याने तीव्र जुलाबात ते क्षारसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही.

शेवटी रिकाम्या शहाळ्याचाही विचार करायला हवा. उघड्यावर पडलेल्या कवचात पावसाचे पाणी साचते आणि त्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होते. म्हणून पाणी पिऊन झाल्यावर विक्रेत्याकडून शहाळ्याचे दोन तुकडे करून घ्यावेत. त्यामुळे मलईही खाता येते आणि कवचात पाणी साचून राहण्याची शक्यता कमी होते.