सोळा आणे पीक

1917 सालच्या अतिवृष्टीने खेडा जिल्ह्यातली पिके बुडाली. मुंबई इलाख्याचा नियम तसा सरळ होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले तर त्या वर्षीचा शेतसारा पूर्ण तहकूब. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आत आहे. महसूल खाते म्हणे, वर आहे. विठ्ठलभाई पटेलांनी हा प्रश्न उचलून धरला, ठक्करबाप्पांनी जागेवर जाऊन चौकशी केली, अर्जविनंत्या झाल्या. शेवटी 22 मार्च 1918 रोजी गांधीजींनी नडियादला सत्याग्रह जाहीर केला. शालेय पुस्तकांत हा लढा शेतसाऱ्याविरुद्धचा म्हणून येतो आणि तो तसा होताच. पण भांडण सुरू झाले ते एका आकड्यावरून, आणि तो आकडा कोणीही मोजलेला नव्हता. सरकारी बाजूने तो नजरेने ठरला होता, लोकांच्या बाजूने शेतकऱ्यांच्या सांगण्यावरून जुळवलेला होता.

ही होती आणेवारी. रुपयाचे आणे सोळा, म्हणून भरपूर पीकही सोळा आणे. गावचा कामगार तलाठी आणि वरचे अधिकारी उभ्या पिकावर नजर टाकून सांगत, यंदा ज्वारी दहा आणे, बाजरी सहा आणे. गंमत अशी की ‘सोळा आणे’ म्हणजे नेमके किती, यावरही देशभर एकमत नव्हते. काही प्रांतांत नेहमीचे पीक म्हणजे सोळा आणे. काही प्रांतांत नेहमीचे पीक बारा आणे, आणि सोळा आणे म्हणजे क्वचित कधी येणारी सुगी. एकूण उत्पादन काढायचे गणित मात्र ठाम होते: पेरणीचे क्षेत्र, गुणिले एकरी प्रमाण उत्पन्न, गुणिले आणेवारी. यातले क्षेत्र मोजणीमुळे बरेचसे खरे असे. उरलेल्या दोन संख्या म्हणजे अनुभवी माणसांची मते होती, आणि मत देणाऱ्याचे हितसंबंध त्यात मिसळलेले होते. सारा वसूल करणाऱ्या खात्यानेच पीक ठरवायचे आणि सारा भरणाऱ्या गावाने त्याला माहिती पुरवायची, ही रचनाच तक्रारीला जन्म देणारी.

मोजणीच्या नावाखाली याहून मोठा घोळ दख्खनमध्ये आधीच होऊन गेला होता. पेशवाई बुडाल्यानंतर काही वर्षांतच रॉबर्ट प्रिंगल या कंपनीच्या अधिकाऱ्याने पुणे भागात नवी मोजणी केली. माल्थस जिथे शिकवत त्या हेलिबरी कॉलेजचा हा विद्यार्थी. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारने घ्यायचे, अशी त्याची योजना होती. कागदावर बिनतोड. पण उत्पन्नाचे आणि खर्चाचे आकडे ज्या कारकुनांकडून आले ते भरवशाचे नव्हते, आणि त्यावर उभी केलेली बारीक आकडेमोड पाहता पाहता रयतेच्या मुळावर आली. इंदापुरात शेते पडीक पडली. 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तिथे धाडावे लागले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. जमिनीची खोली, पोत आणि दोष पाहून तिची प्रत आण्यांत लावली, सारा उतरवला आणि 1836 पासून तो 30 वर्षांसाठी बांधून दिला. मुंबई इलाख्याची पुढची सगळी महसूल पद्धत या इंदापूरच्या दुरुस्तीतून वाढली. प्रिंगलचा दोष गणितात नव्हता, गणितात काय घातले जात होते त्यात होता. आजही टक्क्यांचे दोन दोन दशांश छापणाऱ्या अहवालांपुढे प्रिंगलचे नाव घ्यावेसे वाटते.

आकडे कसे वाचावेत याचा पहिला कडक धडा मुंबईतच दिला गेला. दादाभाई नौरोजींनी 1876 साली इथे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला आणि दरडोई वार्षिक उत्पन्न 20 रुपये असल्याचे मांडले. तो आकडा प्रसिद्ध आहे. त्याआधी दादाभाईंनी जे केले ते त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. त्यांनी सरकारी अहवालांतल्या सरासऱ्या तपासल्या आणि दाखवून दिले की अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांच्या एकरी उत्पन्नांची नुसती बेरीज करून तिला जिल्ह्यांच्या संख्येने भागतात. समजा, एका जिल्ह्यात एक लाख एकर भात आहे आणि एकरी चारशे शेर पिकते. दुसऱ्यात फक्त हजार एकर, पण एकरी आठशे. सरकारी सरासरी सहाशे येणार. खरी सरासरी चारशेच्या किंचित वर. मोठ्या प्रदेशाचे दैन्य छोट्या प्रदेशाच्या सुबत्तेखाली झाकायला ही एवढी चूक पुरते. दादाभाईंनी क्षेत्राचा भार लावून प्रांताप्रांताचा हिशेब नव्याने मांडला. त्यांच्या 20 रुपयांवर सरकारच्या बाजूने 27 रुपयांचा प्रतिअंदाज आला आणि दरडोई उत्पन्नाचा वाद पुढे चालतच राहिला. मात्र त्यांनाही पिकांचे मूळ आकडे मिळत होते ते महसूल खात्याच्याच दप्तरातून.

तो पाया बदलायला 1923 साल उजाडले, आणि सुरुवात झाली बिहार-ओरिसात. जॉन हबक हे तिथले जमाबंदी अधिकारी, पुढे ओरिसाचे पहिले गव्हर्नर झाले. भाताचे उत्पन्न ठरवायला त्यांनी शेतातला एक छोटा त्रिकोणी तुकडा कापून तोलायचा ठरवला. कापून तोलणे जुनेच होते. नवे होते ते तुकड्याची जागा ठरवणे. ‘चांगले सरासरी शेत बघून काप’ असे सांगितले की माणसाची नजर दाट पिकावर जाते, कारण विरळ पीक त्याला नमुना म्हणून शोभत नाही. म्हणून जागा नजरेने निवडायचीच नाही, ती योगायोगाने पडू द्यायची. हबक यांचे टिपण 1927 साली पुसाच्या कृषी संस्थेने छापले. रोथॅमस्टेडला आधुनिक संख्याशास्त्र घडवणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी आपल्या कामावरचा त्याचा प्रभाव पुढे मान्य केला. हिंदुस्थानातल्या भातखाचरातून इंग्लंडच्या प्रयोगशेतीकडे गेलेली ही वाट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

मग दोन माणसे आली आणि दोघांचे पटले नाही. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस 1937 पासून तागाच्या नमुना पाहण्या करत होते. दिल्लीत 1940 साली कृषी संशोधन परिषदेत पांडुरंग वासुदेव सुखात्मे दाखल झाले. हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी, लंडनहून नेमन आणि पिअर्सन यांच्या हाताखाली तयार होऊन आलेले. महालनोबीसांचा कल लहान तुकड्यांकडे: खर्च कमी, म्हणून संख्या जास्त. सुखात्मे म्हणाले, लहान तुकडा फुगवून सांगतो. कारण दोरीवर आलेले ताट आत धरायचे की बाहेर, हा प्रश्न कापणाऱ्याला पडला की तो ते आत धरतो. एक मीटर बाजूच्या चौकोनाला एका चौरस मीटरमागे चार मीटर कड असते. दहा मीटर बाजूच्या चौकोनाला तीच कड चौरस मीटरमागे चाळीस सेंटिमीटरवर येते. कड कमी तेवढी लबाडीला आणि चुकीला जागा कमी. सुखात्म्यांनी मुरादाबादच्या गव्हावर वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून पाहिले आणि तुकडा लहान होत जाईल तसे उत्पन्न फुगत जाते हे दाखवले. तो निष्कर्ष 1946 साली ‘नेचर’मध्ये आला. त्याच दशकात वऱ्हाडातल्या कापसावर पानसे आणि कळमकर यांनी असेच काम केले. पानसे-सुखात्मे हे जोडनाव पुढे देशातल्या कृषी महाविद्यालयांत पाठ्यपुस्तकाचे नाव म्हणूनच रूढ झाले.

सुखात्म्यांची दुसरी निवड जास्त दूरदृष्टीची म्हणावी लागेल. त्यांनी पाहणीसाठी नवी फौज उभी केली नाही. गावात आधीच असलेल्या महसूल आणि कृषी खात्याच्या माणसांकडूनच कापणी करवायची, मात्र त्यांच्या हातातून निवड काढून घ्यायची, असे त्यांनी ठरवले. पीक कापणी प्रयोग आजही असाच होतो. गाव सोडतीने निघते, सर्व्हे नंबर सोडतीने निघतो, शेतही. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून रँडम नंबरांच्या तक्त्याने सांगितली तेवढी पावले लांबीकडे आणि तेवढी रुंदीकडे चालायची, तिथे खुंटी ठोकायची, दोरी ताणायची, आतले पीक कापून, मळून, तोलायचे. दाणा ओला असेल तर वाळवून पुन्हा वजन. खुंटी कुठे पडावी याबद्दल तलाठ्याचे काही मत असले तरी ते विचारात घेतले जात नाही.

आणेवारी त्यामुळे संपली असे मात्र झाले नाही. 1957 साली दशमान नाणी आली आणि ती पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत आलेल्या गावाला टंचाईच्या सवलती. हंगामात आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते, आणि ‘आमच्या गावाची पैसेवारी एकावन्न कशी?’ हा प्रश्न दर टंचाईच्या वर्षी तहसील कचेरीत विचारला जातो. 2016 च्या दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, उपग्रहावरून दिसणारी पिकाची हिरवाई, जमिनीतला ओलावा असे निर्देशांक पुढे आणले. मग पैसेवारीचे एकट्याचे राज्य गेले.

पीक कापणी प्रयोगाला खरे वजन आले ते विम्यामुळे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनी 1976 साली मांडले की प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान वेगळे तपासणे न परवडणारे आहे. त्यापेक्षा प्रदेश हे एकक धरा, तिथले उत्पन्न कापणी प्रयोगांनी ठरवा आणि ते ठरलेल्या पातळीखाली गेले तर तिथल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई द्या. 1985 च्या सर्वंकष पीक विमा योजनेपासून 2016 च्या पंतप्रधान पीक विमा योजनेपर्यंत हाच सांगाडा आहे. सात वर्षांतल्या उत्तम पाच वर्षांची सरासरी गुणिले जोखीमस्तर, की निघाली ती ठरलेली पातळी, म्हणजे उंबरठा उत्पन्न.

यावर शेतकऱ्याचा आक्षेप रास्तच आहे: माझ्या शेतात कापलेच नाही, मग माझे नुकसान कसे कळले? उत्तर असे की तुमचे नाही कळले, विम्याचे एकक असलेल्या महसूल मंडळाचे कळले, आणि तेही अंदाजाने. महसूल मंडळाला किमान 10 प्रयोग असा दंडक आहे. समजा, शेताशेतातल्या उत्पन्नाचे विचलन सरासरीच्या 40 टक्के आहे, तर 10 प्रयोगांच्या सरासरीत साधारण साडेबारा टक्क्यांची प्रमाण त्रुटी उरते. 40 प्रयोग केले तर ती सव्वासहा टक्क्यांवर येते. चौपट मेहनतीने निम्मी अनिश्चितता, असा हा महागडा सौदा. मंडळ पाच हजार एकरांचे की पन्नास हजार एकरांचे, याने मात्र त्यात जवळजवळ फरक पडत नाही. हे पटायला जड जाते, पण खरे आहे. अट एकच, खुंटी सोडतीने पडली पाहिजे. ती रस्त्याजवळच्या, सोयीच्या शेतात पडली किंवा प्रयोग कचेरीत बसून कागदावरच झाला, तर 10 काय नि 400 काय, आपण पुन्हा आणेवारीतच आहोत.

महाराष्ट्रात 2025 च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघालेल्या उत्पन्नावर बांधली गेली. तेव्हा ज्यांचे पीक विम्यात आहे त्यांनी आपल्या मंडळात कोणत्या गावांत, कोणत्या गटांत प्रयोग लागले आहेत ते कृषी सहायकाला विचारून घ्यावे, आणि दोरी ताणली जाईल त्या दिवशी बांधावर हजर राहावे.